आई-बाबा, वकील मी ठरवली

नागपूर
रविवार, रात्र

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

गुरुवारी फोनवर बाबा एकदम गप्प झाले आणि आई, तू रडायला लागलीस. मग मलाही धड काही सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. काकांनी सुचवलेल्या वकिलांकडे मी माझं घटस्फोटाचं प्रकरण देणार नाही. दुसरी वकील ठरवली आहे, वकीलपत्रावर सही करून चार दिवस झाले. काकांचा शब्द मी खाली पाडला असं बाबांना वाटलं असणार. पण का, ते शेवटपर्यंत वाचा.

काकांच्या वकिलांना मी भेटले होते. दहा मिनिटं. माझं बोलणं अर्ध्यावर असतानाच ते म्हणाले, "सगळ्यांवर गुन्हा टाकू. सासू, सासरे, नणंद. मग बघा कसे वठणीवर येतात." फीचं विचारलं तर म्हणाले, आता थोडेच द्या, पुढे एकरकमी पोटगी मिळेल त्यात आमचा वाटा. बाबा, तुम्हाला ते सोयीचं वाटलं, आत्ता पैसे लागणार नाहीत म्हणून. पण निकालात मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनीच वकिलांना मनाई आहे. आणि ज्याचा वाटा रकमेत आहे तो मला समेटाचा सल्ला कशाला देईल? माझ्या लेकीबद्दल, छकुलीबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. ती कितवीत आहे, एवढंही नाही.

आणि नणंदेवर गुन्हा? आई, छकुलीच्या बाळंतपणात माझी तब्येत बिघडली होती, तू आर्वीहून पोचेपर्यंत रात्रभर माझ्या उशाशी कोण बसलं होतं, ते तू डोळ्यांनी पाहिलंस. तिच्याविरुद्ध मी कोणत्या तोंडानं लिहू? नवऱ्यानं माझ्यावर कधी हात उचलला नाही. माझ्या सह्या घेऊन कर्जं काढली, हप्ते थकवले, विचारलं की महिना महिना अबोला. घडलं ते एवढं आहे आणि सात वर्षं सोसायला ते पुरेसं जड होतं. न घडलेलं अर्जात घातलं तर उलटतपासणीला पिंजऱ्यात मीच उभी असेन, वकील नाही.

त्यानंतर मी एक दिवस रजा टाकली आणि इथल्या कौटुंबिक न्यायालयात नुसती जाऊन बसले. माझी पेशी नव्हती, काही नव्हतं. बाकावर बसून बघत राहिले. कोणते वकील पुकारा व्हायच्या आधी हजर असतात, कोण ज्युनिअरला पाठवून तारीख घेतात, कोण आपल्या पक्षकाराशी बाजूला बसून बोलतात. शेजारी काटोलकडची एक बाई होती. पहाटे उठून डबा घेऊन आलेली, तिचे वकील आलेच नाहीत. पुढची तारीख पदरात घेऊन ती परत गेली. जाताना मी तिला विचारलं, इथं वेळेवर कोण येतं? तिनं एका वकीलबाईंकडे बोट दाखवलं. अजून दोघींना विचारलं, त्यांनीही त्यांचंच नाव घेतलं. वकिलांना जाहिरात करता येत नाही, त्यामुळे माणूस ओळखीपाळखीवरच जातो. ओळख काकांचीही होती. पण ज्या बाया स्वतः पेशीला उभ्या राहतात त्यांची साक्ष मला जास्त भरवशाची वाटली.

त्या वकीलबाईंच्या ऑफिसात दीड तास बसले. आधी त्यांनी मला घरी पाठवून तारखेवार टिपण लिहून आणायला सांगितलं होतं: लग्न कधी, कर्ज कोणतं, कधीपासून वेगळे राहतो, छकुलीची शाळा, फी कोण भरतं. ते लिहिताना दोन रात्री गेल्या. पण पहिल्यांदाच सगळं एका कागदावर दिसलं.

त्यांनी सांगितलेलं तुमच्यासाठी लिहिते, कारण नातेवाईक तुम्हाला दहा गोष्टी सांगत असणार. संमतीनं घटस्फोट घ्यायचा तर किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. आम्हाला 14 महिने झाले, ती अट पूर्ण आहे. दोघांनी मिळून अर्ज केला की कायद्यानं सहा महिने थांबायचं आणि 18 महिन्यांच्या आत पुन्हा दोघांनी कोर्टासमोर जायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017च्या निकालानं हे सहा महिने माफ होऊ शकतात, पण त्यासाठी आधीच दीड वर्ष वेगळं राहिलेलं असावं आणि मुलांचं, पैशांचं सगळं मिटलेलं असावं. "तुम्हाला ती सूट मिळेल असं धरून चालू नका," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. शेवटच्या टप्प्यापर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून तो फोनवर हो म्हणाला यावर विसंबून तुम्ही कोणाला काही सांगू नका. आई, मावशीलासुद्धा नाही.

पुण्याला चकरा माराव्या लागतील ही बाबांची काळजी मात्र सोडा. बायको जिथं राहते तिथल्या कोर्टात तिला अर्ज करता येतो, 2003पासून कायद्यातच तसं आहे. उद्या अपिलाची वेळ आली तरी हायकोर्टाचं खंडपीठ इथंच सिव्हिल लाइन्सला आहे.

तो फिरला तर लढावं लागेल. तेव्हा पोटगी ठरवताना दोघांनाही मिळकत, कर्ज, खर्च शपथपत्रावर द्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयानं हे 2020 मध्ये बंधनकारक केलं आणि ते प्रकरण मूळ आपल्या नागपूरच्याच कौटुंबिक न्यायालयातलं होतं. हे ऐकल्यावर मला का कोण जाणे, फार धीर आला. इथंच कुठल्या तरी बाकावर बसून कोणीतरी चिकाटीनं ते चालवलं होतं.

एका गोष्टीवर मात्र आमचं जमलं नाही. मी म्हटलं, मला स्वतःसाठी काही नको, पगार आहे, छकुलीचा खर्च तेवढा त्यानं द्यावा. त्या म्हणाल्या, रागाच्या भरात 'सर्व हक्क सोडले' असं लिहून देऊ नका, आधी तुमच्या नावावरची कर्जं कोण फेडणार ते ठरू द्या. मी दोन दिवस विचार केला. त्यांचं बरोबर आहे. छकुली सात वर्षांची आहे, पाचच्या आतल्या मुलासारखा तिचा ताबा सहसा आईकडेच असं कायदा गृहीत धरत नाही, तिचं हित बघून ठरतं. तिनं बाबाला महिन्यातून कधी, कुठं भेटायचं हेही अटींमध्ये लिहायचं आहे. बाबा, ती भेटणार. यावर तुम्ही रागावू नका.

फी टप्प्याटप्प्यानं आहे, कागदावर लिहून घेतली आहे, दर वेळी पावती मिळेल. कोर्ट फीचं म्हणाल तर महाराष्ट्रात 1994पासून घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणांत बायकांना ती माफ आहे. म्हणून बाबा, बँकेतली ठेव मोडू नका. ती तुमच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची आहे.

आणि आई, मागच्या गल्लीतली ती पोरगी माहेरी येऊन बसली आहे म्हणत होतीस. पैसे नाहीत म्हणून वकील करत नाहीत ना? तिच्या आईला सांग, बाईमाणसाला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. आर्वीच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, तिथं अर्ज द्यायचा. नाहीतर 15100 या मोफत कायदेशीर मदतीच्या नंबरवर फोन लावायला सांग. हे उद्याच सांग, विसरू नकोस.

आता माझं काम. माळ्यावरच्या लोखंडी पेटीत लग्नाच्या पत्रिका आहेत, दोन घ्या. अल्बम आख्खा आणा, दागिने अंगावर असलेले फोटो त्यातच आहेत. इतवारीतल्या सराफाच्या पावत्या बाबांच्या जुन्या डायरीत असतील, पोहेहार आणि पाटल्यांची वेगळी होती. आजीनं घातलेल्या गोफाची पावती नाही, पण तो फोटोत दिसतो. स्त्रीधनाची यादी या आठवड्यात द्यायची आहे. झेरॉक्स काढू नका, मूळ कागद आणा, मी इथं काढते.

शनिवारी सकाळच्या एसटीनं निघा. गणेशपेठ स्टँडवर मी आणि छकुली येतो. ती विचारते आहे, आजी तिळाच्या वड्या आणणार का.

तुमची,
ताई