बोटांनी बेअरिंग ऐकायला शिकवणाऱ्या काकाजींना

आदरणीय काकाजी,

सादर नमस्कार.

तुम्ही बेअरिंग बदलून दिलेल्या इंजिनाची काल इंधनाची दहावी टाकी संपली. हिंगण्याजवळ मामाच्या शेततळ्यात मॉडेल बोट चालवली आणि घरी येऊन फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक) धरून वर-खाली हलवून पाहिलं. ढिलेपणा नाही, फिरवताना हाताला एक दाणा लागत नाही. "दहा टाक्या झाल्या की सांग" म्हणाला होतात, म्हणून आधी ही बातमी.

पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण मॉडेल बोटीचं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं) इंजिन चालवणारे आपल्याकडे मोजकेच, आणि बेअरिंग (फिरत्या दांड्याला धरणाऱ्या दोन रिंगा, मध्ये गोळ्या) गेलं की त्यांना "नवीन इंजिन घ्या" एवढंच ऐकायला मिळतं.

तुमच्याकडे आले तेव्हा दीड महिना मी नीडल व्हॉल्व्हच्या, म्हणजे इंधन कमी-जास्त करणाऱ्या सुईच्या मागे लागले होते. ३.५ सीसीचं इंजिन, इंधनात ८० भाग मेथॅनॉल आणि २० भाग एरंडेल. मध्येच वेग पडायचा, मी सुई उघडायची, की नुसता धूर. तुम्ही इंजिन उघडलंही नाहीत. स्क्रूड्रायव्हरचं टोक केसिंगवर ठेवलंत, मूठ कानाला लावलीत आणि फ्लायव्हील हाताने फिरवलंत. "बेअरिंग रडून राहिलं, पोरी. सुईले कायले छळतेस?" घासलेल्या बेअरिंगमुळे इंजिन थरथरतं, टाकीत इंधनाला फेस येतो आणि नळीतून इंधनाऐवजी हवा जाते, हे मला तेव्हा कळलं. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, सूत कातायच्या रिंग स्पिंडल देशात सगळ्यात आधी बसवणाऱ्या गिरण्यांपैकी ती एक. तिथल्या स्पिंडल खात्यात इतकी वर्षं काढलेल्या कानाला माझं इंजिन काय लपवणार!

पहिलं बेअरिंग माझ्या चुकीने गेलं होतं. पावसाळ्याचे चार महिने इंजिन भिंतीला उभं टांगून ठेवलं होतं. मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आउटबोर्डचा क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, उभा असतो, त्यामुळे उरलेलं इंधन वरून उतरतं आणि क्रँकच्या चकतीखालच्या बेअरिंगमध्येच साचतं. गंज तिथूनच धरला. पण दुसरं बेअरिंग, जे एका दुकानात बदलून घेतलं होतं, ते दोन टाक्यांत का गेलं याचं उत्तर कोणाकडे नव्हतं.

ते तुम्ही मला दाखवलंत. बेअरिंग पेट्रोलने धुतलंत, तेलाचा एक थेंब सोडलात आणि माझ्या हातात देऊन म्हणालात, "जोरात नको फिरवू, हळू. डोळे मीट." बाहेरची रिंग अंगठ्याने दाबून हळूहळू फिरवताना ठरावीक अंतरावर टच्... टच्... असं अडकत होतं. मग भिंगातून रिंगच्या वाटेवरचे बारीक खळगे दाखवलेत, दोन गोळ्यांमध्ये जेवढं अंतर तेवढ्याच अंतरावर. आतली रिंग ठोकत ते केसिंगमध्ये बसवलं होतं, आणि प्रत्येक ठोका गोळ्यांवाटे बाहेरच्या रिंगवर उतरला होता. केसिंगमध्ये बसवताना जोर बाहेरच्या रिंगवर द्यायचा, शाफ्टवर चढवताना आतल्या. एवढं एक वाक्य कोणी आधी सांगितलं असतं तर!

नवीन बेअरिंग मापावर शोधलंत. व्हर्निअरने आतलं १२, बाहेरचं २४, जाडी ६ मिलीमीटर, म्हणजे ६९०१ नंबरचं. शेवटचे ०१ म्हणजे १२ मिलीमीटरचं भोक. पंख्यातल्या ६२०२ चं ०२ म्हणजे १५, हे मी आता कधी विसरणार नाही. दुकानदार साधं देत होता, तुम्ही सी-३ (आत जास्त मोकळीक असलेलं) मागून घेतलंत, कारण केसिंगची पकड आणि उष्णता मिळून आतली मोकळीक खाऊन टाकतात. या जागेला झाकणवालं नको, उघडं हवं, वंगण इंधनातूनच येतं, हेही तुम्हीच सांगितलंत.

मग काकूंच्या ओटीजीत (छोट्या ओव्हनमध्ये) १२० अंशांवर धुतलेलं केसिंग, आणि फ्रीजरमध्ये पिशवीत गुंडाळलेलं नवं बेअरिंग. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. जुनं बेअरिंगही आधी असंच काढलं होतंत, गरम केसिंग लाकडी ठोकळ्यावर एकदा आपटलं आणि ते आपोआप खाली पडलं. नवं हातमोज्याने सरळ धरून सोडलं, तर टप् असा आवाज करून आपल्या जागी बसलं. हातोडी तुम्ही मला हातात घेऊच दिली नाहीत.

पैसे फक्त बेअरिंगचे घेतलेत. खराब झालेलं मागून घेतलंत, पुढच्या पोराला खळगे दाखवायला. काकाजी, त्या दोन तासांचं मोल मी काय करणार? मनापासून आभार. काकूंनाही सांगा, एरंडेलाचा वास ओटीजीतून गेला की नाही ते मी येऊन पाहणार आहे.

आता दर वेळी टाकी रिकामी करून इंजिन स्वतःहून बंद पडेपर्यंत चालवते, तेलाचे चार थेंब आत सोडून हाताने फिरवते आणि आडवं करून कापडात ठेवते. रविवारी सकाळी आठला शेततळ्यावर या. काठावर बाभळीची सावली आहे, खुर्ची मी आणते. स्क्रूड्रायव्हर तेवढा तुमचा आणा.

तुमची,
आउटबोर्डवाली पोरगी
नागपूर