जातो की जाते

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
मंगळवार, रात्री

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पोचल्याचा मेसेज मिळाला. एकच शब्द होता, ‘पोचले’. ‘पोचलो’ नव्हे. आई म्हणाली, पोरगी पुण्याची झाली. मी म्हटलं, तसं नाही, राग आला की माणूस शुद्ध बोलतो.

स्वारगेटच्या गाडीत चढलीस आणि खिडकीतून एकदाही बघितलं नाहीस, ते बरोबरच केलंस. ‘अर्ध्यात सोडायची तुला सवयच आहे’ हे मी बोलायला नको होतं. सायकलचं तर मुळीच काढायला नको होतं. नववीतल्या पोरीची गोष्ट एकोणतीस वर्षांच्या बाईला ऐकवायची नसते. आक्का दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. डोळ्यात थेंब घालायलासुद्धा शेजारच्या पोराला हाक मारते.

तर हे पत्र माफीचं आहे. तुझ्या रविवारच्या मंडळाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलोय.

पण त्या दिवशी तू जिन्यात उभी राहून जे सांगितलंस ते डोक्यातून जात नाही. तुझ्या कथेतली पोरगी आईला ‘मी जातो’ म्हणते आणि मंडळातल्या चारजणांनी त्यावर लाल खूण केली, लिंगाची चूक म्हणून. तू काही बोलली नाहीस. कागद गोळा केलेस, चहा न घेता उठलीस, आणि पुढच्या रविवारपासून बंद. वर त्यांच्या दिवाळी अंकाची मुद्रितं तूच तपासतेस, नवीन पोरांच्या कथा तूच घरी नेऊन वाचतेस, आणि तुझी कादंबरी आषाढापासून सातव्या प्रकरणावर अडलीय. हे सगळं ऐकल्यावर कुणीही शहाणा बाप म्हणाला असता, बरं केलंस. मी काय म्हणालो ते वर लिहिलंच आहे.

आता माझं ऐक. हे तुला कधी सांगितलेलं नाही, कारण त्यात माझीच फजिती आहे. प्रेसमध्ये लागून मला वर्ष झालं असेल. खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचो. उलटी अक्षरं सुलट्यापेक्षा लवकर वाचता यायला लागली होती, त्यामुळं जरा शिंगं फुटलेली. एका लेखकाच्या कथा जुळवायला आल्या. त्यात कागल बाजूची एक पोरगी, बोलेल तिथं ‘मी येतो’, ‘मी आलो’. मला वाटलं, घाईत लिहिलंय बिचाऱ्यानं. मी सगळीकडं ‘येते’, ‘आले’ करून टाकलं आणि वर मालकाला सांगितलं, चुका दुरुस्त केल्यात. गॅली प्रूफ घेऊन लेखक स्वतः आत आले. मालकाकडं गेले नाहीत. माझ्या खिळ्यांच्या केसशेजारच्या स्टुलावर बसले आणि विचारलं, ‘तुझी बहीण घरातनं बाहेर पडताना काय म्हणती?’ मी म्हटलं, ‘येतो म्हणते.’ ‘मग?’ एवढंच. त्या रात्री चिमट्यानं एकेक खिळा उचकटून ओळी परत आवळताना मला पहिल्यांदा कळलं की आपल्या घरातल्या बायका जे बोलतात ते छापता येतं.

ते गृहस्थ त्या दिवशी चिडून दुसऱ्या प्रेसला गेले असते, तर मी अजून ‘दुरुस्त’ करत बसलो असतो. तुझ्या त्या चारजणांच्या शेजारी स्टूल ओढून कोण बसलंय? त्यांनी कोल्हापूरची पोरगी बोलताना ऐकली असेल तर ती तूच, आणि तूही तिथं ‘जाते’ म्हणत असशील.

झालं. एक अक्षर लिहायचं नव्हतं, अर्धं पान झालं.

तू म्हणशील, बाबा, तुम्ही कोण सांगणार? खरं आहे. बावीस वर्षं मी आमच्या शनिवारच्या बैठकीला गेलो. प्रेसच्या मागच्या खोलीत, छपाईचं ट्रेडल मशीन थंड झाल्यावर. सतरंजी मी घालायचो, भडंग मी आणायचो, हजेरीची वही माझ्याकडं. लोकांच्या कविता मी फुकट जुळवून दिल्या, प्रूफं वाचली, एकाचं तर पूर्ण नाटक माझ्या हातानं उतरवून काढलं. आणि माझ्या स्वतःच्या कथा किती? चार. पाचवी सुरू केली तेव्हा तुझा जन्म, मग दिनूचं ते सगळं, मग ऑफसेट आलं आणि खिळे किलोवर विकले. पण पोरांवर आणि मशीनवर ढकलणं खोटं आहे. मला सतरंजी घालणं सोपं जात होतं. दुसऱ्याची कथा सुधारताना आपणही काही लिहितोय असं वाटतं. ते समाधान फसवं असतं. तू उठून गेलीस तेव्हा मला राग आला, त्यात थोडा जळफळाटही होता. मला उठता आलं नव्हतं.

म्हणून मी ‘परत जा’ म्हणत नाही. म्हणजे म्हणतोय, पण तसं नाही. पहिलं, मुद्रितांना स्पष्ट नाही म्हण. ते काम पैसे देऊन करून घ्यायचं असतं, मी जन्मभर केलंय, मला माहीत आहे. दुसऱ्याची एकच कथा घरी आण, तीही तुझं त्या दिवसाचं पान झाल्यावर. दर रविवारी नको, एक आड एक जा. आणि जाताना रिकाम्या हातानं जाऊ नकोस, कच्ची असली तरी स्वतःची दोन पानं ने. मी बावीस वर्षांत पाच वेळा नेली असतील. पहाटेचे दोन तास कुणाला देऊ नकोस, आम्हालाही नको. सकाळी सातच्या आत फोन करायचा नाही असं आईला सांगतो. ती ऐकेल असं नाही.

सुरू झालं माझं भाषण. आक्काचा टोमणा इथपर्यंत ऐकू येतोय.

काल करवीर नगर वाचन मंदिरात पुस्तक बदलायला गेलो होतो. 1850 पासून चाललेली संस्था, आणि तू दुसरीत असताना तिथं जिन्यावर हरवली होतीस. सापडलीस तेव्हा एका म्हाताऱ्यांच्या शेजारी बसून त्यांचं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत होतीस. अनोळखी माणसाला वाचून दाखवायला तुला कधी भीती वाटली नाही. ती मला वाटायची. तिथून परत येताना खांडेकरांचा विचार मनात आला. शिरोड्याला 18 वर्षं मास्तरकी करत लिहिलं, 1938 साली कोल्हापुरात आले, आणि म्हातारपणी नजर गेल्यावर ते सांगायचे आणि दुसरं कुणी लिहून घ्यायचं. म्हणजे बघ, एवढ्या मोठ्या माणसालाही... पण तू लगेच म्हणशील, त्यांना लेखनिक होता, मंडळ नव्हतं, आणि सातवं प्रकरण कुणी अडवलं नव्हतं. बरोबर. उदाहरण चुकलं. तालमीचं देणार होतो, जोर-बैठका ज्याच्या त्याच्या, पण लढतीला जोड लागते, ते तर तुला पाठच आहे. थोरल्या काकांनी ते इतक्यांदा सांगितलंय की तू त्यांची नक्कल करायचीस.

मग खरं काय ते सांगतो. 2019 चा पूर. राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांना धोका, आणि त्या ऑगस्टात पाणी 55 च्या वर गेलं. तू पुण्यात होतीस, रस्ते बंद, फोनवर रडत होतीस. आम्ही वर चढवलं ते धान्य, आक्काच्या गोळ्या आणि देव. ट्रंक खाली राहिली. पाणी उतरल्यावर उघडली तर कागदाचा लगदा, शाई सगळी पसरलेली. मी तुला सांगितलं, जुनी बिलं होती. बिलं नव्हती.

पंधरा दिवसांनी घड्याळवाले काका आले. चिखलातनं, प्लास्टिकच्या पिशवीत एक वही घेऊन. माझी वही. 1991 साली वाचायला नेलेली, चारही कथा त्यात. मी म्हटलं, इतकी वर्षं दिली का नाही? म्हणाले, ‘तू मागितली नाहीस.’ पानांच्या कडेला पेन्सिलीनं त्यांच्या बारीक अक्षरात टिपणं होती. बरीचशी भांडणाची. तिसऱ्या कथेत आजी चूल विझवते त्या ओळीशेजारी मात्र एवढंच: ‘इथं थांबलो. बायकोला वाचून दाखवलं.’

तुझं सगळं लिखाण कुठंतरी वर साठवलेलं असतं, पाण्यात भिजत नाही, हे दिनूनं मला समजावलंय. माझी काळजी ती नाही. काका गेले त्याला आता श्रावणात वर्ष झालं, आणि ती ओळ मी अजून महिन्यातनं एकदा काढून बघतो. कागद दुकानात परत मिळाला असता. तू त्या खोलीत बंद दारामागं, डबा गार झालेला, आणि तुझ्या पानाशी थांबणारं कुणीच नाही, हे मला रात्री दिसतं. एकटी राहतेस म्हणून नाही म्हणत. एकटी लिहितेस म्हणून. पुन्हा तेच आलं, माफ कर.

गणपतीत तू जे प्रकरण विसरून गेलीस, चौथं, ते मी वाचलं. न विचारता वाचलं, त्याचीही माफी. खूण एकही केलेली नाही. रंकाळ्यावरच्या त्या पानाशी आई स्वयंपाक सोडून उभी राहिली होती, एवढं सांगतो. भात लागला.

शुक्रवारी कोपऱ्यावरचा पोरगा पुण्याला निघालाय, त्याच्याबरोबर ते प्रकरण, भडंग आणि माझी वही पाठवतो. वही परत द्यायची घाई नाही.

आईचा आशीर्वाद. आक्का बोलत नाही, पण पत्ता तिनंच तपासला.

तुझे,
बाबा

ता. क. रविवारी गेलीस का, हे विचारत नाही. ती पोरगी शेवटी ‘जातो’ म्हणाली की ‘जाते’, तेवढं कळव.