टोकियोचं टीमलॅब तासाभरात उरकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सध्या जपानला जाणारे आपले लोक खूप वाढलेत आणि जवळजवळ प्रत्येक टूरमध्ये टोकियोचं टीमलॅब, म्हणजे प्रकाशाच्या हलत्या चित्रांचं म्युझियम, असतंच, म्हणून हे पत्र. आम्हीपण ग्रुप टूरनेच गेलो होतो. आमच्या टूरवाल्यांनी टीमलॅब बॉर्डरलेसला फक्त एक तास दिला, त्यात लॉकरमध्ये बॅगा ठेवणं आणि बाथरूमची लाइन पण आली, मग बघणार काय? मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण हे म्युझियम घाईघाईत बघायचं नाहीच आहे.

आधी ते टोकियोतच ओदाइबा भागात होतं, २०२२ मध्ये बंद झालं आणि फेब्रुवारी २०२४ पासून तिथल्याच आझाबुदाई हिल्समध्ये सुरू झालंय. आत नकाशा देतच नाहीत. चित्रं एका खोलीत थांबत नाहीत, या खोलीतून निघून पॅसेजमधून दुसऱ्या खोलीत जातात, भिंतीवरून माणसांची, प्राण्यांची मिरवणूक चाललेली असते आणि हात लावला की त्यातली माणसं थांबून बघतात. त्यामुळे एकदा पाहिलेल्या खोलीत अर्ध्या तासाने परत गेलं तर तिथे वेगळंच काहीतरी चालू असतं, आणि गाइड मात्र 'ही झाली, पुढे चला' म्हणत होता.

बऱ्याच जणांना वाटतं की प्रोजेक्टरवर व्हिडिओ लावलाय. तसं नाहीये. आधी रेकॉर्ड केलेलं काही नसतं, कॉम्प्युटर त्या क्षणी चित्र तयार करत असतो, आत्ता दिसलं ते पुन्हा तसंच्या तसं दिसत नाही. पॅरिसच्या आतेलिए दे ल्युमिएरमध्ये जुन्या चित्रकारांची चित्रं भिंतीभर दाखवतात, तेही सुंदरच असणार, पण तिथला शो ठरलेला असतो. इथे तुम्ही उभे राहिलात की चित्र बदलतं.

आमच्यातले काही जण नंतर स्वतःच्या खर्चाने टोकियोतल्याच तोयोसु भागातल्या टीमलॅबच्या दुसऱ्या म्युझियमला, टीमलॅब प्लॅनेट्सला गेले, मी पण गेले. तिथे अनवाणी जायचं, पँट गुडघ्यापर्यंत वर करायची आणि पाण्यात उतरायचं. पाण्यावर रंगीत कोई मासे फिरत असतात (प्रकाशाचेच), पायाला येऊन धडकले की त्यांची फुलं होऊन विखुरतात, आणि ही फुलं वर्षभर ऋतूप्रमाणे बदलतात. एक आजी कितीतरी वेळ एकाच जागी पाय न हलवता उभ्या होत्या, मासे अगदी जवळून जाताना बघत होत्या. आमच्यातले बाकीचे रील काढण्यात एवढे गुंतले होते की पाण्याकडे बघायला कुणाला वेळच नव्हता. फोटो काढू नका असं मी म्हणत नाही, पण आधी पाच मिनिटं नुसतं उभं राहा.

आणि हो, बॉर्डरलेसच्या टी हाउसमध्ये चहा प्यायला बसा, कपातल्या चहात फूल उमलतं, चहा आहे तोपर्यंत उमलत राहतं. टूरवाले तिथे थांबू देत नाहीत.

टूरवाल्यांना विनंती आहे की इथे निदान तीन तास द्या, हवं तर एखादा शॉपिंगचा स्टॉप कमी करा. आणि तुमच्या प्रवास पुरवणीत कृपया लिहा की तिकिटाला तारीख आणि वेळेचा स्लॉट असतो, आधी ऑनलाइन घ्यावं, आणि प्लॅनेट्सला काही ठिकाणी जमिनीवर आरसे आहेत त्यामुळे बायकांनी स्कर्ट, ड्रेस घालू नये, पँट घालावी जी गुडघ्यावर जाईल. आम्हाला हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

आपली,
एक नियमित वाचक