बांधावरचा धूर

रावेर तालुका, पौष महिना

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला बर्फाचा व्हिडिओ तुझ्या आईने चार वेळा पाहिला आणि चारही वेळा एकच विचारलं, "पोरीच्या पायात मोजे आहेत का?" मी मात्र छपरावरच्या त्या आजींकडे बघत होतो. सत्तरीच्या पुढच्या असतील. हातात लाकडी फावडं, कमरेला ओढणी घट्ट बांधलेली, आणि गुडघाभर बर्फ अशा लोटत होत्या की आपल्या खळ्यावर कोणी भुसा लोटावा. छप्पर तू भाड्याने घेतलेल्या खोलीचं, आणि तू खाली उभी, मोबाइल धरून.

पुढे तू लिहिलंस की दुपारी त्यांना पैसे द्यायला गेलीस, तर त्यांनी घेतले नाहीत, वर दोन दिवस नीट बोलल्याही नाहीत. "आप्पा, माझं काय चुकलं?" हे फोनवर सांगितलं असतं, पण फोन आईच्या हातात गेला की परत येत नाही. म्हणून पत्र.

हिमाचलात केलाँगला तुझी बदली झाली तेव्हा मी नकाशा काढून बसलो होतो. अटल बोगदा 2020 साली सुरू झाला, नऊ किलोमीटरचा. त्याच्या आधी रोहतांगचा घाट बर्फाने बंद झाला की लाहौलची माणसं महिनोन् महिने आत कोंडलेली असायची. तिकडची सपाट माळवदी छपरं तूच मला समजावून सांगितलीस: लाकडावर माती, बर्फ साचू दिला तर भार येतो, आणि ऊन पडलं की पाणी आत झिरपतं. अशा गावात शेजाऱ्याचं छप्पर मोकळं करणं हे मजुरीत मोजत नसतील, एवढं मला इथे बसूनही कळतं.

आता इकडचं ऐक. थंडी यंदा वाईट पडली. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला पारा पाच-सहाच्या घरात आल्याचं रोज पेपरात येत होतं. तिकडे सातपुड्यात डाब-तोरणमाळला दव गोठून गवत पांढरं होतं, आपल्याकडचं बर्फ म्हणायचं तर तेवढंच. तुझ्या उणे अंशांपुढे हे तुला हसायला येईल. पण केळीला हसू येत नाही. दहा-बारा अंशांच्या खाली गेलं की तिची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, आणि नेमकी निसवणीची, म्हणजे घड बाहेर पडायची वेळ असेल तर घड खोडाच्या गळ्यातच अडकतो. आपली मृगात लावलेली बाग अगदी निसवायला आलेली. चरका बसला असता तर वर्ष गेलं असतं.

पीकविम्याचं म्हणशील, तर थंडी मोजायचं यंत्र महसूल मंडळाच्या गावी. सलग तीन दिवस पारा 8 किंवा त्याच्या खाली राहिला तर भरपाई. दोन दिवस बरोबर राहिला, तिसऱ्या दिवशी 8.4. थंडीनेही नियम वाचलेला दिसतो.

मग उपाय दोनच, रात्री पाणी आणि पहाटे धूर. बोअरचं पाणी रात्री कोमट असतं, मुळांना ऊब राहते. लाईटची पाळी त्या आठवड्यात रात्रीचीच होती, ते एक बरं झालं. एरवी आम्ही तिला शिव्या देतो. बिबट्याची आवई उठली होती म्हणून एकट्याने कोणी जायचं नाही असं ठरलं. चार-पाच जण, दोन बॅटऱ्या, आणि एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात सगळ्यांचे ठिबकचे व्हॉल्व फिरवत जायचं. कोणाचा व्हॉल्व कोणी फिरवला याचा हिशोब नाही. तुझा काका गाणी म्हणत होता, बिबट्या खरंच जवळपास असता तर तेवढ्यानेच पळाला असता.

पहाटे तीनच्या पुढे धूर. धुरासाठी जाळ नको असतो, हे तुला लहानपणी शिकवलं होतं. खाली वाळलेली केळीची पानं, वर ओलं गवत आणि गोठ्यातला ओला कचरा, म्हणजे ढीग धुमसत राहतो. सातपुड्याकडून वारा हळूहळू खाली उतरतो, त्यामुळे ढीग बागेच्या उत्तरेच्या बांधावर लावायचे. धूर आपोआप बागेवरून दक्षिणेला सरकतो.

आपल्या उत्तरेला कोण, ते तुला माहीत आहे. वरचे आबा. बांधाचं प्रकरण होऊन आठ वर्षं झाली, तारखा अजून चालू आहेत. लग्नकार्यात आम्ही एकमेकांच्या पंगतीला बसत नाही. दुसऱ्या रात्री मला हुडहुडी भरून ताप आला आणि मी घरीच पडून राहिलो. उत्तरेचे ढीग लावायचे राहून गेले. पहाटे कांबळं पांघरून मळ्यात गेलो तर बागेवर धुराची चादर. मला वाटलं तुझ्या काकाने लावले. तो म्हणाला, मी तर पाण्यावर होतो.

बांधावर जाऊन पाहिलं. सहा ढीग. आबांच्या बाजूला, पण त्यांच्या बागेच्या दक्षिणेच्या कडेला. पोरी, त्यांच्या केळीला तिथल्या ढिगाचा काडीचा उपयोग नाही. त्यांचा धूर त्यांच्या उत्तरेला हवा, आणि तो त्यांनी लावलेला होताच. हे सहा ढीग वेगळे होते. एका ढिगाशेजारी विडीची तीन थोटकं पडली होती, म्हणजे माणूस बराच वेळ तिथे बसून होता.

मी गेलो नाही आभार मानायला. जमलं नाही, खोटं कशाला सांगू. तुझ्या आईला सांगितलं, आज भरीत जरा जास्त कर. बामणोदची वांगी आणली होती, काड्यांवर भाजली, बडगीत ठेचली. आईने डबा भरला, वर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या चार भाकऱ्या बांधल्या आणि पुतण्याच्या हाती पाठवला. संध्याकाळी डबा परत आला. धुतलेला, आणि आत बोरं. त्यावर ना त्यांचा शब्द, ना माझा. तारीख पुढच्या महिन्यात आहे, आणि मी जाणार आहे, कारण तो हातभर बांध आपलाच आहे.

तर तू पैसे पुढे केलेस, तिथेच काम मिटवून टाकलंस. त्यांना ते मिटवायचं नव्हतं. उद्या कुरिअरने कळण्याचं पीठ, केळीचे वेफर्स आणि आईने केलेला ठेचा पाठवतोय. अर्धं तुझं, अर्धं आजींचं. ठेचा देताना आधी सांग, नाहीतर भलतंच व्हायचं. आणि पुढचा बर्फ पडला की फावडं घेऊन त्यांच्या आधी वर चढ. पहिल्यांदा त्यांच्या छपरावर, मग आपल्या. फावडं कसं धरायचं ते त्यांनाच विचार, मला माहीत नाही.

मोज्यांचं उत्तर आईला वेगळं कळव.

तुझे,
आप्पा