एका ‘म्हणून’बद्दल

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

गेल्या गुरुवारी पंडित कॉलनीतील आपल्या घरून निघताना आभार मानायचे राहून गेले, कारण घसा दाटून आला होता आणि त्रेचाळीस वर्षांच्या माणसाने एका बेरजेपायी डोळे पुसावेत हे काही बरे दिसले नसते.

प्रश्न बीजगणितातला होता, चार एकपदींचा, म्हणजे एकाच पदाच्या बहुपदींचा. काही बहुपदींना हव्या त्या बहुपदींनी गुणून आणि बेरजा करून जे जे मिळते त्या साऱ्याचा संच म्हणजे आयडियल, आणि ज्यांपासून तो बनतो ते त्याचे जनक. (क, ख) आणि (ग, घ) या दोन आयडियलांचा छेद, म्हणजे दोहोंतला सामाईक भाग, घेतला की कग, कघ, खग आणि खघ हे चार जनक मिळतात. रॅडिकलपुरते पाहायचे, म्हणजे मूळ पद हाती न येता त्याचा एखादा घात आला तरी चालेल अशी सवलत घेतली, तर किती बहुपदी पुरतात, हे मला ठरवायचे होते. मी वहीत लिहिले होते: ‘यांतील एकही जनक वगळता येत नाही, म्हणून चार लागतात.’

हेच पान मी आधी एका विद्वान गृहस्थांना दाखवले होते. त्यांनी तांबड्या पेनने या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत काट मारली, ‘हे तर उघडच आहे’ म्हणाले आणि घड्याळाकडे पाहिले. काय उघड आहे, हे विचारण्याची सोय नव्हती. सहा महिने मी ती वही उघडली नाही.

आपण त्या तांबड्या काटेखालचे अक्षर चष्मा वर करून वाचलेत, वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागापुढे बरोबरची खूण केलीत आणि ‘म्हणून’ या एकाच शब्दाखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढलीत. एवढ्या पानात माझी चूक एका शब्दाएवढीच होती, हे मला तेव्हा कळले. मग वही माझ्याकडे फिरवून आपण पेन्सिल माझ्याच हातात दिलीत आणि म्हणालात, ‘कघ आणि खग यांचा गुणाकार करून पाहा बरं.’

मी तो केला. कग आणि खघ यांचाही गुणाकार तोच येतो. म्हणजे कग, खघ आणि कघ + खग ही बेरीज, एवढ्या तिघांत काम भागते, कारण त्या बेरजेला कघने गुणले की कघचा वर्ग अधिक कग गुणिले खघ मिळते, यातले दुसरे पद आधीच आत आहे, आणि त्यामुळे तो वर्गही आत येतो. खगचेही तसेच. यामागे श्मिट आणि फोगेल यांचे १९७९ मधले लेमा, म्हणजे साहाय्यक प्रमेय, आहे, हे आपण सगळे झाल्यावर सांगितलेत. आधी सांगितले असते तर मी नावे पाठ करून सिन्नरला परत गेलो असतो.

या विषयात हुशार माणसे पुष्कळ भेटली. समोरच्याची चूक जेवढी आहे तेवढीच मोजणारे, तिच्यावर आपला एक शब्दही न चढवणारे माणूस मात्र क्वचित भेटते, आणि अशा सभ्यपणाला कोणत्याही पदवीत गुण नाहीत.

दोन बहुपदी का पुरत नाहीत, हे पेन्सिलीने होणारे काम नव्हे, असे आपण म्हणाला होतात. वर्गमुक्त एकपदींच्या, म्हणजे ज्यांत कोणतेही अक्षर दोनदा येत नाही अशा एकपदींच्या, आयडियलाला रॅडिकलपुरतेसुद्धा त्याच्या भागवलयाच्या प्रक्षेपी मितीपेक्षा (जनकांमधली नाती, मग त्या नात्यांमधली नाती, अशा किती पायऱ्या लागतात ते सांगणाऱ्या संख्येपेक्षा) कमी बहुपदी कधीच पुरत नाहीत, हा ल्युबेझ्निक यांचा निष्कर्ष वाचून, आपल्या उदाहरणात ती मिती तीन येते हे मी दोन पानांत लिहून काढले आहे. येत्या गुरुवारी घेऊन येतो. त्यांत ‘म्हणून’ सात वेळा आले आहे. पेन्सिलीला टोक करून ठेवावे, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
सिन्नरचा विद्यार्थी