जाब फक्त आईलाच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आई आणि मुलगी यांच्यावरचा सिनेमा आला की पुरवण्यांमध्ये (फक्त तुमच्याच असं नाही, सगळीकडेच) दोन वाक्यं ठरलेली असतात, एक 'महिला वर्गासाठी खास' आणि दुसरं 'रुमाल सोबत ठेवा'. २०२३ मध्ये 'बाईपण भारी देवा' बायकांनी ग्रुपच्या ग्रुप करून हाऊसफुल केला तेव्हापासून तर हे जरा जास्तच झालंय. सिनेमा चालला, आनंदच आहे, पण सहा बहिणींची गोष्ट बायकांनी बघायची आणि दोन मित्रांची गोष्ट सगळ्यांनी बघायची हे कोणी ठरवलं म्हणे?

असो, मला बोलायचंय ते वेगळंच. आपल्याकडे पडद्यावरची आई ही मुळात मुलाची आई. 'श्यामची आई' १९५३ चा, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा पहिला सिनेमा, मग 'मदर इंडिया' १९५७, 'दीवार' १९७५, तिन्हीकडे आई डोंगराएवढी आणि समोर मुलगा. समोर मुलगी आली की मात्र लगेच कोर्ट भरतं आणि आई आरोपीच्या पिंजऱ्यात.

स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनचा 'ऑटम सोनाटा' (१९७८) बघा. आई नावाजलेली पियानोवादक, बऱ्याच वर्षांनी मुलीकडे राहायला आलीये. मुलगी शोपँ या संगीतकाराची एक छोटी रचना वाजवून दाखवते, जरा अडखळत, आणि आई ऐकताना तिच्या चेहऱ्यावर कौतुक आहे, कीव आहे आणि थोडा कंटाळाही आहे. मग आई शेजारी बसते, हे असं वाजवायचं असतं म्हणून तीच रचना वाजवते आणि कॅमेरा दोघींच्या चेहऱ्यांवर थांबतो, मुलगी आईच्या तोंडाकडे एकटक बघतेय. आई इन्ग्रिड बर्गमन आणि मुलगी लिव्ह उलमन, संवाद जेमतेम, पण पुढे रात्रभर जे भांडण होणार आहे ते सगळं इथेच कळतं. यात रुमालाचा काय संबंध? मला तर अंगावर काटा आला होता.

ऋतुपर्ण घोषचा बंगाली 'उनिशे एप्रिल' (१९९४) पण त्याच वाटेचा, आई अपर्णा सेन नामवंत नर्तिका, मुलगी देबश्री रॉय डॉक्टर आणि वडील गेले त्याचं खापर सुद्धा आईच्या नाचावर. रेणुका शहाणेंच्या 'त्रिभंग'मध्ये (२०२१) आई लेखिका, मुलगी ओडिसी नर्तिका आणि नात या दोघींच्या धबडग्याला कंटाळून एका जुन्या वळणाच्या घरात सून म्हणून जाते, म्हणजे प्रत्येक जण आईची चूक टाळायला जाते आणि स्वतःची नवीन करून ठेवते. 'उंबरठा' (१९८२) तर माहितीच आहे, स्मिता पाटील महिलाश्रमाच्या नोकरीसाठी घर सोडते आणि परत येते तेव्हा मुलगी जाऊबाईंची झालेली असते.

आता हे चार सिनेमे शेजारी शेजारी ठेवा. चारही आयांकडे काहीतरी स्वतःचं काम आहे आणि चारही मुलींची तक्रार तीच, तू घरात नव्हतीस. तक्रार खोटी नाही हं, लेकरू एकटं पडलं ते पडलंच. पण 'उनिशे एप्रिल' मी माझ्या आईबरोबर बघत होते तर ती मध्येच म्हणाली, अगं बाप कुठे होता ते विचार की कोणीतरी! आणि खरंच, त्या सिनेमात उत्तर आहे, बायकोचं नाव होतंय हे नवऱ्याला सहन होत नव्हतं, पण ते मुलीला कळायला इतकी वर्षं जावी लागतात. उलट एखादा गवई किंवा चित्रकार बाप वर्षानुवर्षं घरी फिरकला नाही तर सिनेमात त्याला अवलिया म्हणतात, फार तर एखादा प्रसंग मुलाच्या रुसव्याचा, संपलं.

परीक्षणं लिहिणाऱ्यांकडून मला एवढंच हवंय, की आईने माफी मागितली का, मुलीने मिठी मारली का यावर स्टार देऊ नका. मुलीने माफ नाही केलं तरी सिनेमा पूर्ण असू शकतो. 'भूमिका' (१९७७) घ्या, अभिनेत्री हंसा वाडकरांच्या आत्मकथेवरून श्याम बेनेगलांनी केलेला, त्यात आजी, आई, नायिका उषा आणि उषाची मुलगी अशा चार पिढ्या आहेत, आजी गाणं शिकवते, आईला तेच गाणं नकोय, आणि शेवटी मुलगी माझ्याकडे चल म्हणते तरी उषा जात नाही. मिठी नाही की काही नाही, आणि तरी त्यात कुठे काही कमी आहे असं वाटत नाही.

आणि कोर्टाच्या बाहेर पडलेला सिनेमा बघायचा असेल तर फ्रेंच दिग्दर्शिका सेलीन सियामाचा 'पतीत मामाँ' (म्हणजे 'छोटी आई', २०२१) बघा, जेमतेम सव्वा तासाचा. आजी वारल्यावर तिचं घर आवरायला गेलेल्या आठ वर्षांच्या मुलीला रानात एक तिच्याच वयाची मुलगी भेटते आणि ती निघते तिची आई! दोघी मिळून झोपडी बांधतात, खेळतात आणि बोलता बोलता ती छोटी आई हिला सांगून टाकते की मी उदास असते ते तुझ्यामुळे नाही. इथे कोणी कोणाला जाब विचारत नाही, कारण आई अजून आई झालेलीच नाहीये.

राहता राहिली आजी. आई कामाला गेली तेव्हा लेकराला सांभाळलं कोणी, तर बहुतेक वेळा आजीनेच, आणि सिनेमात ती एक तर टोमणे मारणारी सासू असते नाही तर भिंतीवरचा फोटो. तिच्या बाजूने सगळी गोष्ट सांगणारा मराठी सिनेमा तुमच्या कोणा वाचकाला माहीत असेल तर जरूर कळवा, मला बघायचाय.

आपली,
एक नियमित वाचक