भिंतींच्या ओलीपोटी अनामत रकमेतून केलेल्या कपातीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, भाडे विभाग

विषय : जुन्या शहरातील तळमजल्याच्या सदनिकेची अनामत रक्कम पूर्ण परत मिळण्याबाबत

महोदय,

तुमच्या कंपनीमार्फत भाड्याने घेतलेली सदनिका मी गेल्या महिन्यात रिकामी करून दिली. हिशेबाच्या पत्रात ‘भाडेकरूच्या निष्काळजीपणामुळे भिंतींचे नुकसान’ असे कारण दाखवून तुम्ही अनामत रकमेचा मोठा भाग कापला आहे. ही कपात मला मान्य नाही.

मी राहायला आले तेव्हा भिंतींना नुकताच रंग दिलेला होता, त्याचा वासही गेला नव्हता. पावसाळा लागला आणि पलंगामागची भिंत जमिनीपासून कमरेपर्यंत काळवंडली. रंगाला फुगे आले. बोट लावले की पोपडा सुटून खालून पांढरी भुकटी गळायची. लोणाच तो, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून बाहेर आलेले क्षार. त्या भिंतीत पाण्याचा एकही पाइप नाही, न्हाणीघर घराच्या दुसऱ्या टोकाला आहे. खिडक्या बंद ठेवल्याने आलेली ओल छताजवळ, कोपऱ्यांत बुरशीच्या रूपाने दिसते. इथे ओल खालून वर चढली होती आणि जिथे थांबली तिथे क्षारांची रेघ उमटली होती. फोटो सोबत जोडले आहेत.

तुमच्याकडे तक्रार केली, तेव्हा आलेल्या माणसाने ओल तशीच ठेवून वरून रंग मारला. थोड्याच दिवसांत डाग पुन्हा वर आला. नंतर मी एका जाणत्या गवंड्याला भिंत दाखवली. त्याने सुटलेला तुकडा हातात दिला : आत जुना चुना, वर सिमेंटचा गिलावा, त्यावर प्लॅस्टिक पेंट. जुन्या बांधकामात जोत्याशी ओल अडवणारा थर सहसा नसतो. जमिनीतून चढलेले पाणी चुन्याच्या गिलाव्यातून हवेत उडून जाते, म्हणून अशा भिंती टिकतात. सिमेंट आणि प्लॅस्टिक पेंट लावून तुम्ही ती वाटच बंद केलीत. पाणी आत कोंडले आणि आणखी वर चढले. यात माझा निष्काळजीपणा कुठला?

जुन्या घराबद्दल माझी तक्रार नाही. महानगरातल्या नोकरीसाठी रोजची दगदग पत्करून मी हे शहर निवडले, ते जाड भिंती आणि उंच छताच्या अशाच घरासाठी. जाहिरातीत ‘वारसा वास्तू’ म्हणून तुम्ही जास्त भाडे मागता, तर त्या वास्तूला मानवेल अशी दुरुस्ती करणे हीसुद्धा तुमचीच जबाबदारी आहे. सिमेंट काढून पुन्हा चुन्याचा गिलावा केल्याशिवाय आणि भिंत पुरती वाळल्याशिवाय ते घर कुणालाही देऊ नका. नवीन भाडेकरूच्या घरात लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असला तर त्याचे हाल होतील.

कापलेली रक्कम पंधरा दिवसांत माझ्या खात्यात जमा करावी. कपातीवर ठाम असाल तर ताबा देतानाचा भिंतींचा पाहणी अहवाल आणि दुरुस्तीची बिले लेखी उत्तरासोबत पाठवावीत. अन्यथा मी कायदेशीर दाद मागेन.

आपली,
सदनिकेची माजी भाडेकरू

सोबत : भिंतींचे फोटो, भाडेकराराची प्रत, तुमचे हिशेबपत्र